मार्जिन आटलेल्या हार्डवेअर फर्मनं नवी लाइन कशी निवडावी आणि कशी उभी करावी

लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर यांच्या बंद बॉक्सवर दोन-तीन टक्के सुटू लागले की दुकानदाराला पहिलं सुचतं ते काउंटरवर आणखी काहीतरी मांडणं. गेमिंग खुर्च्या, स्मार्टवॉच, ब्लूटूथ स्पीकर. हा मालही ऑनलाइन तितक्याच दरात मिळतो, त्याचं मॉडेल वर्षाच्या आत जुनं होतं आणि भांडवल आधीपेक्षा जास्त अडकतं. म्हणून इथे सुरुवात मालापासून केलेली नाही. तुमची जुनी पार्टी, म्हणजे नेहमीचा ग्राहक, तुमच्याशिवाय आणखी कुणाकुणाला पैसे देते, तिथून केली आहे. नागपूरसारख्या शहरात चार ते बारा माणसं आणि दोन-तीन टेक्निशियन असलेली फर्म डोळ्यांसमोर ठेवली आहे. उदाहरणांतले रुपये हिशेब समजावण्यापुरते आहेत. त्या जागी स्वतःच्या वहीतले आकडे घाला.

आधी जुन्या धंद्याचा खरा हिशेब

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून मागच्या बारा महिन्यांची विक्री आयटम-ग्रुपनुसार काढा. प्रत्येक ग्रुपसमोर पाच आकडे लिहा: जीएसटी वगळून विक्री, ग्रॉस नफा (विक्री वजा खरेदी), माल दुकानात सरासरी किती दिवस पडून राहतो, उधारी किती दिवसांनी येते आणि त्या ग्रुपवर टेक्निशियनचे किती तास जातात. पहिले चार आकडे टॅलीतल्या नोंदींवरून काढता येतात. पाचव्यासाठी महिनाभर जॉबकार्ड, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले त्याची नोंद, भरून घ्यावं लागेल. पोरं कुरकुर करतील, पण याला दुसरा उपाय नाही.

आता एक लॅपटॉप घेऊ. विक्री ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ४७,२०० चं. खरेदी ३८,८०० अधिक जीएसटी, म्हणजे ४५,७८४. कागदावर नफा १,२००, तीन टक्के. माल ३० दिवस पडून राहिला, पार्टीनं ४० दिवसांनी पैसे दिले आणि डिस्ट्रिब्युटरनं तुम्हाला १४ दिवसांची उधारी दिली, तर तुमचे पैसे ५६ दिवस अडकले. कॅश क्रेडिटचं (बँकेकडच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर ८४३ रुपये तिथेच गेले. उरले ३५७. विंडोज सेटअप, जुन्या मशीनवरचा डेटा हलवणं आणि पोचवणं यात टेक्निशियनचे दोन तास गेले की हा सौदा तोट्यात जातो. पार्टीनं क्रेडिट कार्ड घासलं तर उधारी वाचते, पण १.८ टक्के शुल्क धरलं तरी ८५० रुपये कार्डवाल्याचे. पडून राहिलेल्या दिवसांचं व्याज वजा केलं की हातात शंभर-सव्वाशे राहतात.

इथे बॅकएंड स्कीमचा मुद्दा निघतोच: ‘डिस्ट्रिब्युटर तिमाहीअखेर दीड टक्का देतो की!’ देतो, टार्गेट झालं तर. ते गाठायला शेवटच्या आठवड्यात जास्त माल उचलला जातो आणि पुढच्या महिन्यात त्याच मॉडेलचा दर पडतो. क्रेडिट नोट (ती सूट खात्यात जमा केल्याचा कागद) प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय ती रक्कम नफ्यात धरू नका.

यानंतर प्रत्येक ग्रुपला दोन कसोट्या लावा. एक, अडकलेल्या एका रुपयामागे वर्षात किती ग्रॉस नफा. दोन, टेक्निशियनच्या एका तासामागे किती. दुसरीसाठी तासाचा खर्च माहीत हवा. पगार, पेट्रोल, मोबाइल, बोनस, विमा मिळून एका टेक्निशियनचा महिन्याचा खर्च ३०,००० धरा. २६ दिवस गुणिले आठ, म्हणजे २०८ तास. ट्रॅफिक, पार्टीच्या दारात वाट बघणं, सर्व्हिस सेंटरच्या चकरा वगळून ६० टक्के वेळ खरा कामात जातो असं धरलं तर १२५ तास. म्हणजे तासाला २४०.

दोन्ही कसोट्या का हव्यात ते असं. लॅपटॉपमध्ये सरासरी १५ लाख अडकून वर्षाला ६ लाख ग्रॉस मिळत असेल तर रुपयामागे ४० पैसे. सीसीटीव्हीत ३ लाख अडकून ४ लाख, म्हणजे रुपयामागे १ रुपया ३३ पैसे. सीसीटीव्ही झकास वाटतं. पण त्या ४ लाखांसाठी १,६०० तास गेले असतील तर तासाला २५० पडले आणि टेक्निशियनच २४० ला पडतो. ‘मार्जिन तीस टक्के आहे’ असं सांगत सीसीटीव्हीत उतरलेल्या फर्मा नेमक्या इथे अडकतात.

मग पार्ट्यांची यादी

बिलाच्या रकमेनं वरच्या शंभर पार्ट्या काढा आणि त्यांना प्रकारात बसवा. नागपुरात हे प्रकार बहुतेकदा ठरलेले निघतात: रामदासपेठ-धंतोलीतली हॉस्पिटलं आणि पॅथॉलॉजी लॅब, सीए आणि वकिलांची ऑफिसं, कोचिंग क्लासेस आणि शाळा, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले कारखाने, वाडीकडची ट्रान्सपोर्ट ऑफिसं आणि गोदामं, कळमन्यातले अडते. शहराबाहेर वर्धा-यवतमाळकडच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टऱ्या आणि भंडारा-गोंदियाच्या राइस मिल.

यातल्या तीसेक पार्ट्यांना मालकानं स्वतः भेटावं, सेल्समनला पाठवू नये. विचारायचं एवढंच: मागच्या वर्षी कॉम्प्युटर, वीज, कॅमेरे, इंटरनेट, प्रिंटिंग यांसाठी आमच्याशिवाय कुणाला पैसे दिले, आणि कोणत्या कामात सगळ्यात जास्त मनस्ताप झाला? उत्तरं शब्दशः लिहून घ्या. ‘तुम्हाला सीसीटीव्ही हवेत का’ असा प्रश्न विचारलात तर सगळे ‘बघू’ म्हणतात आणि त्या ‘बघू’वर गुंतवणूक होऊन बसते.

तीस भेटींत एकच त्रास आठ-दहा ठिकाणी निघाला तर तिथे लाइन आहे. त्यावरही चार अटी लावा. काम वर्षातून एकदा तरी परत यावं. सुरुवातीला दोन लाखांपेक्षा जास्त माल भरावा लागू नये. सध्याचा टेक्निशियन महिना-दोन महिन्यांत शिकू शकावा. आणि बिघडलं तर सुटा भाग नागपुरातच मिळावा. चौथी अट लोक विसरतात. भाग मुंबईहून यायला चार दिवस लागले तर ते चार दिवस पार्टी तुमच्या नावानं खडे फोडते.

एएमसी: पहिली लाइन बहुधा हीच

एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. भांडवल जवळपास लागत नाही, पैसे तिमाहीच्या सुरुवातीला येतात आणि पार्टीच्या ऑफिसात पाय टिकतो. तरी बहुतेक एएमसी तोट्यात चालतात, कारण दर शेजारच्याचा बघून लावलेला असतो.

दर असा काढा. एका डेस्कटॉपला वर्षात दोन कॉल, प्रत्येकी एक तास. दोनदा सफाई-तपासणी, प्रत्येकी वीस मिनिटं. एकूण दोन तास चाळीस मिनिटं, २४० च्या दरानं ६४० रुपये. त्यावर ऑफिसचा खर्च वीस टक्के धरला की ७७० च्या आसपास. हा झाला नुसता खर्च. त्यावर नफा धरून चाळीस मशीनच्या ऑफिसला प्रति मशीन १,१०० च्या खाली जाऊ नका. सातशेत मागणाऱ्याला प्रति कॉल दर सांगा आणि पुढे चला. बुटीबोरीच्या पार्टीला येण्या-जाण्याचे साठेक किलोमीटर आणि दीड-दोन तास वेगळे लावा, किंवा त्या पट्ट्यातल्या तीन पार्ट्या मिळेपर्यंत थांबा आणि आठवड्याचा एक वार तिकडचा ठरवून टाका.

करार करण्याआधी प्रत्येक मशीनची नोंद घ्या: प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्क, सीरियल नंबर, आधीपासून असलेला बिघाड. आधीचा बिघाड लिहिला नाही तर तो पहिल्याच महिन्यात तुमच्या गळ्यात पडतो. करारातून काय वगळलंय ते पहिल्याच पानावर लिहा: टोनर, ड्रम, लॅपटॉपची बॅटरी, अडॅप्टर, पाणी सांडणं, वीज कोसळून झालेलं नुकसान, डेटा रिकव्हरी. सुट्या भागांसकटची एएमसी चार वर्षांपेक्षा जुन्या मशीनवर घेऊच नका.

शंभर मशीनमागे जवळ ठेवायचं सामान: तीन एसएमपीएस (मशीनच्या आतला वीजपुरवठ्याचा बॉक्स), तीन २५६ जीबी एसएसडी, चार रॅम, पाच कीबोर्ड-माऊस संच, एक मॉनिटर, दोन चालू स्थितीतली स्टँडबाय मशीन आणि मदरबोर्डवर बसणाऱ्या सीआर२०३२ च्या दहा सेल. ही सेल वीस-तीस रुपयांची, पण ती संपली की मशीनची तारीख मागे जाते, ब्राउझर प्रमाणपत्राची चूक दाखवून संकेतस्थळं उघडत नाही आणि पार्टी ‘जीएसटी पोर्टल बंद आहे’ म्हणून फोन करते. रॅम-एसएसडीचा साठा मात्र याहून वाढवू नका. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे दर असे चढले की जुन्या दरात दिलेली कोटेशनं गळ्याशी आली. ते उतरतीलही तसेच.

सफाईच्या तारखा इथल्या हवेनुसार ठेवा. पहिली मार्चच्या पूर्वार्धात, दुसरी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा धुळीनं भरलेला हीटसिंक आणि वाळलेली थर्मल पेस्ट मशीनला संथ करते, मग पार्टी नवं मशीन मागते किंवा तुम्हाला शिव्या देते. दुसरी गोष्ट कूलरची. बऱ्याच ऑफिसांत डेझर्ट कूलरचा झोत थेट मशीनवर असतो. त्या दमट हवेनं रॅमचे संपर्क गंजतात आणि मशीन बीप देत बसते. मशीन कूलरच्या समोरून हलवणं हा फुकटातला उपाय पहिल्याच भेटीत करा. जिनिंगमध्ये हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि रुईचे तंतू पंखे जाम करतात. तिथली सफाई दिवाळीच्या आधी उरकावी, नंतर कुणी मशीन बंद करू देत नाही. या फॅक्टऱ्यांत वजनकाट्याचा इंडिकेटर अजून आरएस-२३२ या जुन्या सीरियल पोर्टवर चालतो आणि नव्या मशीनला तो पोर्ट नसतो. स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर मधूनच सुटतो आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. मशीनच्या आत बसणारं पीसीआयई सीरियल कार्ड घाला आणि एक जादा त्यांच्याच कपाटात ठेवून द्या.

मशीनच्या याच नोंदीतून पुढची विक्रीही निघते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. यादीतली सातव्या पिढीपर्यंतची मशीन मोजा, पार्टीला दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बदलण्याचं वेळापत्रक द्या. अशा ठरलेल्या खरेदीत माल मागणीनंतर उचलता येतो, तीस दिवस पडून राहत नाही.

यूपीएस आणि बॅटरी

नागपुरासाठी ही लाइन खास आहे, आणि कारण ऊन. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं. साधारण दर दहा अंश वाढीला ते अर्ध्यावर येतं. जिन्याखालच्या, हवा न खेळणाऱ्या चाळीस अंशांच्या खोलीत तीन-चार वर्षांची बॅटरी दीड वर्षात बसते. म्हणजे बदलीचं काम परत-परत येतं. पण हेच पार्टीला आधी सांगितलं नाही तर ती तुम्हालाच चोर ठरवते. कोटेशनमध्येच लिहा: बॅटरी रॅक पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, खोलीला एक्झॉस्ट हवा.

आकारमान काढण्याचं उदाहरण: दहा डेस्कटॉप, प्रत्येकी १२० वॉट, एक तासाचा बॅकअप. भार १,२०० वॉट. यूपीएस २ केव्हीए, ‘ऑनलाइन’ प्रकारचा, ०.८ पॉवर फॅक्टर धरला तरी १,६०० वॉट देतो, म्हणजे ७५ टक्के भार; ठीक. आता बॅटरी. लागणारी ऊर्जा १,२०० वॉट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून १,४१२. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तासाभरात रिकामी केली तर छापील क्षमतेच्या साठेक टक्केच देते, म्हणून २,३५३. बॅटरी जुनी झाल्यावरही बॅकअप पुरावा म्हणून ०.८ नं भागा: २,९४१. एक १२ व्होल्ट ४२ एएच (अँपिअर-तास) बॅटरी ५०४ वॉट-तासांची. सहा लागल्या. ७२ व्होल्टच्या यूपीएसला सहाच जोडतात, म्हणजे जुळलं. मात्र मॉडेलनुसार व्होल्टेज बदलतं. आधी यूपीएसची पाटी वाचा, मग बॅटऱ्या मोजा.

छापील एएचला व्होल्टनं गुणून सरळ भारानं भागणारे लोक याच कामाला ४२ ऐवजी १८ एएच सांगतात आणि कोटेशन स्वस्त दिसतं. तुमचं महाग का, हे पार्टीला हाच हिशेब कागदावर मांडून दाखवा.

बसवताना चुकतं ते इथे: अर्थिंग न तपासता यूपीएस चालू करणं. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. तीनपेक्षा जास्त असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा आणि रीडिंग इन्स्टॉलेशन रिपोर्टवर लिहून सही घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर ठेवू नका. त्याचा फ्यूझर (टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग) तापताना क्षणभर मोठा भार ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो. जुन्या सेटमधली एकच बॅटरी बदलू नका. जुन्या पाच नव्या एकीलाही खाली ओढतात.

बॅटऱ्यांचा साठा करू नये. पडून राहिलेली बॅटरी स्वतःच उतरते आणि उन्हाळी गोदामात ते लवकर होतं. मार्चमध्ये भरलेल्या बॅटऱ्या जूनमध्ये चार्ज न करता विकल्या तर दोन महिन्यांत परत येतात. जुन्या बॅटरीचा बायबॅक दर कोटेशनमध्ये वेगळा दाखवा. त्या भंगारवाल्याला देऊन टाकण्याचा मोह टाळा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या अधिकृत साखळीतच परत गेल्या पाहिजेत, आणि हॉस्पिटलं-कारखाने त्याचा कागद मागतात.

सीसीटीव्ही आणि नेटवर्किंग

घरगुती चार कॅमेऱ्यांच्या कामात तास जळतात. सोळा कॅमेऱ्यांपासून वरची, जुन्या पार्टीच्या आवारातली कामंच घ्या.

रेकॉर्डिंगची जागा: २ मेगापिक्सेल, एच.२६५ कॉम्प्रेशन, वेग २ एमबीपीएस धरला तर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी घेतो. सोळा कॅमेरे ३४५.६ जीबी, तीस दिवसांचे १०.४ टीबी. ६ टीबीच्या दोन सर्व्हेलन्स डिस्क बसतील. पार्टीनं मागितलं ‘महिन्याचं रेकॉर्डिंग’, तुम्ही दिली ४ टीबी, की चोरी उघडकीस येते नेमकी बाराव्या दिवशी.

पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा): ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट १५.४ वॉटपर्यंत देतो, पण सोळाही पोर्टची बेरीज स्विचच्या एकूण बजेटमध्ये बसावी लागते. रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागल्यावर कॅमेरा आठ वॉट घेतो असं धरलं तर १२८ वॉट. १५० वॉटचा स्विच काठावर येतो, आणि पत्र्याच्या शेडखालच्या उन्हात काठावर चालवू नये. दिवसा सगळे कॅमेरे दिसतात आणि रात्री दोन-तीन गायब होतात, ही तक्रार ऐकली की आधी स्विचचं बजेट बघा.

केबल: सरासरी ३५ मीटरनं सोळा पॉइंट म्हणजे ५६० मीटर, दहा टक्के वाया धरून ६१६. दोन बॉक्स मिळून ६१० मीटर. कोटेशनमध्ये दोन लिहिले की तिसरा तुमच्या खिशातून जातो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल पीओईला वापरू नका, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. शंभर मीटरच्या पुढे, आणि कारखान्यात एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत, फायबरच टाका. जूनच्या पहिल्या विजांमध्ये उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल एनव्हीआर (रेकॉर्डर) आणि स्विच दोन्ही घेऊन जाते.

९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्यांसह बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची झाली आहे. स्वस्तात येणारा जुना साठा याच कारणानं स्वस्त असू शकतो. खरेदीआधी मॉडेल नंबरनिशी प्रमाणपत्र मागा आणि बिलासोबत फाइलला लावा. सरकारी किंवा बँकेच्या कामात ते मागतातच.

लेबर मालाच्या मार्जिनमध्ये लपवू नका. प्रति पॉइंट दर वेगळा लिहा, ड्रिलिंग, पाइप, शिडी-मचाण वेगळं. पैसे ५० टक्के आगाऊ, ४० टक्के माल पोचल्यावर, १० टक्के सुपूर्द करताना. आणि पासवर्डचा लिफाफा पार्टीच्या सहीनं द्या.

रिफर्बिश्ड मशीन

रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेली, दुरुस्त करून पुन्हा विकलेली मशीन. कोचिंग क्लास, शाळा, डेटा एंट्रीची ऑफिसं यांच्यासाठी ही लाइन चालते. खरेदी आठव्या पिढीच्या खाली नको. लॉट उचलण्याआधी दहा टक्के मशीन स्वतः उघडा आणि चार गोष्टी बघा: बायोसला पासवर्ड आहे का; आधीच्या कंपनीचं रिमोट मॅनेजमेंट लॉक आहे का (हे नव्यानं विंडोज टाकून इंटरनेट जोडल्यावरच उघड होतं); बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के उरली; बिजागरी सैल आहे का. लॉक असलेलं मशीन परत घेण्याची अट सौद्यातच लिहून घ्या.

जीएसटीत दोन रस्ते आहेत. खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता मार्जिन योजनेत फक्त फरकावर कर भरा, किंवा क्रेडिट घेऊन पूर्ण विक्रीवर भरा. कंपन्यांना क्रेडिट हवं असतं, शाळेला आणि विद्यार्थ्याला नको असतं. कोणता माल कोणाला जाणार हे खरेदीच्याच वेळी ठरवावं लागतं, कारण एकदा क्रेडिट घेतलं की त्या मालाला मार्जिन योजना नाही. दुरुस्ती करून विकण्याचं काम नियमित होणार असेल तर ई-कचरा नियम २०२२ खाली रिफर्बिशर म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. लायसन्स नसलेलं विंडोज टाकून मशीन विकू नका. विक्रीच्या चार टक्के रक्कम वॉरंटीसाठी बाजूला ठेवा आणि सहा महिन्यांनी खरा खर्च बघून ती बदला.

अँटिव्हायरस, फायरवॉल, टॅलीचं नूतनीकरण, बॅकअपसाठी एनएएस (नेटवर्कला जोडलेली साठवण) या वेगळ्या लाइन मानू नका. त्या एएमसीच्या अंगावरच वाढतात. नूतनीकरणाच्या तारखांची एक शीट ठेवून तीस दिवस आधी फोन केला तरी पुरे. भाड्यानं मशीन देणं परीक्षा केंद्रं, निवडणुका आणि डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाभोवती चालतं, पण बाकीचे महिने मशीन पडून असतात. रिफर्बिश्डचा साठा असेल तरच त्यात पडा. रूफटॉप सोलरचा मोह इथे फार आहे. तो वेगळा धंदा समजा: लोखंडी स्ट्रक्चर, महावितरणकडचं नेट मीटरिंग, अनुदानाचे कागद. संगणकाच्या टेक्निशियनचं त्यात काहीच उपयोगी पडत नाही.

नव्वद दिवसांची चाचणी

एका वेळी एकच लाइन. टॅलीत तिचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च-उत्पन्नाचं वेगळं खातं, उघडा. खर्चाची मर्यादा आधी लिहून ठेवा, समजा दीड लाख, आणि त्यात हत्यारांचा वेगळा आकडा: क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर, क्लॅम्प मीटर, बॅटरी टेस्टर. पहिले पाच ग्राहक जुन्या यादीतलेच घ्या. प्रत्येक कामाला जॉबकार्ड, आणि शेवटी कोटेशनमधले तास विरुद्ध खरे तास. पहिल्या दोन कामांत तास दुप्पट लागले तर घाबरू नका. पाचव्यातही लागले तर दर चुकला आहे किंवा माणूस.

थांबायचं कधी, तेही आधीच लिहा. उदाहरणार्थ: नव्वद दिवसांत पाचांपैकी तीन पार्ट्यांनी दुसरं काम दिलं नाही, किंवा तासाला ग्रॉस ४०० च्या खाली राहिला, किंवा अडकलेली रक्कम मर्यादेच्या दीडपट झाली, तर बंद.

सेल्समनचं कमिशन विक्रीवर ठेवलंत तर तो लॅपटॉपच विकत राहील, कारण एका बिलात चाळीस हजार दिसतात. कमिशन ग्रॉस नफ्यावर आणि तेही पैसे जमा झाल्यावर द्या.

उधारी आणि कागद

२०२१ पासून किरकोळ-घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं कायदेशीर संरक्षण नुसत्या व्यापाराला नाही. सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला आहे. म्हणून नोंदणीत दुरुस्ती-देखभालीचं काम सेवा म्हणून दाखल करा, एएमसी आणि इन्स्टॉलेशनचं बिल मालापासून वेगळं काढा आणि त्यावर उद्यम क्रमांक छापा. अशा बिलाचे पैसे मुदत उलटूनही त्या वर्षात न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. मार्चमध्ये हे एक वाक्य अकाउंटंटला नम्रपणे ऐकवलं की फाइल हलते. मोठ्या पार्ट्या एएमसीच्या बिलातून टीडीएस कापतात; तो दर तिमाहीला आयकर पोर्टलवर जुळवा.

छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडची कामं नागपूरहून सहज होतात, पण राज्य बदलतं. महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. मध्य प्रदेशात पाठवताना पन्नास हजार ओलांडले की लागतं आणि बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) येतो. तिकडे काम घेताना सोबत जाणारं स्टँडबाय मशीन विक्रीच्या बिलावर नको, डिलिव्हरी चलनावर न्या, आणि परत येताना तेच चलन गाडीत असू द्या.

लॅपटॉपचा काउंटर या सगळ्यात बंद करायचा नाही, आकसायचा आहे. डेमोला पाच-सहा मॉडेल, बाकी सगळं मागणीनंतर. कोटेशनची मुदत चोवीस तास. जुन्या पार्टीला उधारी हवी असेल तर तिची एएमसी चालू असावी. आणि साठ दिवसांवर पडून असलेल्या प्रत्येक मशीनची यादी दर महिन्याच्या एक तारखेला काढून ती खरेदी दरात, गरज पडली तर त्याच्या खाली, त्याच आठवड्यात विकून टाका. सुटलेली रक्कम नव्या लाइनच्या खात्यात वळवा.